पाटीवरचं नाव, वॉकीवरचं नाव

आमच्या पार्कमधली अंधारातली रोलर कोस्टर सहा महिने बंद होती. रूळ तेच, गाड्या त्याच, वळणंही तीच. बदललं ते फक्त डोळ्यांना दिसणारं. खाणीचे लाकडी खांब जाऊन चकाकते खडक आले, कंदिलांच्या जागी निळे दिवे. जुनं नाव ‘भुयार’. नवं ‘चंद्रलोक : हरवलेल्या स्फटिकाची सफर’. (खरी नावं देत नाही, पण लांबीतला फरक साधारण एवढाच.)

नावाच्या मीटिंगला ऑपरेशन्सच्या वतीने मी होतो. रांगेतल्या माणसाला पोटात काय होणार आहे ते नावातून कळावं, असं माझं म्हणणं होतं. मी स्प्लॅश माउंटन या पाण्यातल्या राइडचं उदाहरण दिलं. कॅलिफोर्नियाच्या डिझ्नीलँडमध्ये ती १९८९ साली सुरू झाली. तिचं ठरलेलं नाव वेगळंच होतं, पण कंपनीचे तेव्हाचे प्रमुख मायकल आयस्नर यांनी ‘स्प्लॅश’ हा शब्द सुचवला, तोही कंपनीच्याच १९८४ च्या जलपरीच्या चित्रपटावरून, असं सांगतात. राइडमध्ये जलपरी औषधालाही नव्हती. तरी नाव चपखल बसलं, कारण शेवटी धबाककन पाण्यात पडायचंच होतं. २०२४ मध्ये तीच राइड ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ झाली. उतार तोच राहिला, पण नावातून पाणी उडणंही गेलं आणि डोंगरही गेला. गोष्ट लुइझियानाच्या सपाट दलदलीतली, तिथे डोंगर कुठून आणणार? मग जमिनीखालून वर आलेला मिठाचा घुमट गोष्टीत घालावा लागला. मला हे फार आवडतं. नाव बदललं की टेकडीलासुद्धा नवा दाखला काढावा लागतो.

माझं कुणी ऐकलं नाही. पोस्टर छापून झाली होती. आणि लोकांची उत्सुकता इतकी की रोज कुणी ना कुणी पत्र्याच्या कुंपणाला डोळा लावून उभं. त्यांचा प्रश्न एकच : “डावीकडचा तो झोका ठेवलाय ना?”

चाचणीच्या दिवशी गाडीत माणसं नव्हती, पाणी भरलेले पुतळे होते. त्याआधी सीटवर बसून हात पसरला तर जिथवर पोचेल तेवढ्या मापाची चौकट गाडीला बांधून पूर्ण फेरी झाली होती. नवा खडक कुठेच तिला लागला नव्हता. पॅनेलवर नवी ऑपरेटर होती, चार आठवड्यांचं ट्रेनिंग झालेली. तिसऱ्या ब्रेकजवळच्या सुरक्षित कठड्यावर मामा उभे होते. मामा म्हणजे आमचे सर्वांत जुने टेक्निशियन.

अकराव्या फेरीला वॉकीवर मामांचा आवाज आला, “भुयार थांबव! भुयार!”

तिने तत्काळ भुयार थांबवलं. म्हणजे तिला जे भुयार शिकवलं होतं ते. नव्या गोष्टीत ‘भुयार’ हे तिसऱ्या दृश्याचं नाव होतं. धूर बंद, निळे दिवे बंद, संगीत बंद. गाडी मात्र चालूच.

स्क्रीनवर दृश्य गेलेलं आणि गाडीचा ठिपका पुढे सरकतोय, हे बघून मी तिच्या खांद्यावरून हात घालून लाल बटण दाबलं. बाहेरच्यांना वाटतं, बटण दाबलं की गाडी जागच्या जागी उभी राहते. उतारावरची कोस्टर तशी थांबत नाही. ती पुढच्या ब्रेकपर्यंत जाते, मग धरली जाते. त्या चार-पाच सेकंदांत खडकाचा एक सुटलेला पत्रा गाडीच्या कडेला घासत गेला. पुतळ्याच्या कोपरावर लांब ओरखडा. पुतळाच होता, एवढंच.

मामा आले ते घामाने भिजलेले. “पोरी, ऐकू नाही आलं?”

“आलं ना मामा. तुम्ही म्हणालात तेच बंद केलं.”

मामा काही बोलले नाहीत. तिची चूक नव्हती, त्यांचीही म्हणवत नाही. बावीस वर्षं जो शब्द तोंडात बसला तोच घाईच्या वेळी बाहेर पडणार. चूक असलीच तर आमची, मीटिंगवाल्यांची. दोन तास रंग आणि अक्षरं यांवर बोललो, पण जुना शब्द आतल्या कुठल्या तरी दृश्याला चिकटवू नका, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

संध्याकाळी ठरलं ते पाच मिनिटांत. देखभालीच्या नोंदवहीत प्रत्येक राइडला पहिल्या दिवसापासून एक आकडा असतो, तो कधीच बदलत नाही. हिचा सात. वॉकीवर फक्त ‘सात’. तिसऱ्या दृश्याचं नाव उडवलं. पत्र्याला दुहेरी पकड बसली आणि मापाची चौकट परत फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकी खरखरला.

“भु...” मग शांतता. मग मामांचा आवाज, जरा चिडकाच, “सात. सात तयार आहे.”

पॅनेलवर ती हसली आणि पहिली गाडी सोडली.