गाडीत बफर बसवला, पण कान बाबांचे लागले

आमच्याकडे सबवूफरला, म्हणजे खर्जातला खालचा आवाज काढणाऱ्या स्पीकरला, कोणी सबवूफर म्हणत नाही, बफर म्हणतात, अन् बफर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकतर वरातीतला डीजे येतो नाहीतर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बांधलेला तो डबा, ज्याच्या आवाजाने वावरातली ढोरं बिचकतात. त्यामुळे मी गाडीत बफर टाकतोय म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला, "काहून? आता काय वराती करतं का गाडीनं?" विचारणारे बाबा. अन् गंमत अशी की हा सगळा खटाटोप त्यांच्याच मृदंगापायी सुरू झाला होता.

बाबा गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतात, मला कळायला लागल्यापासून. मागच्या सप्ताहात मी त्यांचं रेकॉर्डिंग केलं, मोबाईलवर नाही, बऱ्यापैकी माईक मागून आणून, अन् पेनड्राईव्हवर टाकून गाडीत लावलं. गाडी सेकंडहँड, टेप कंपनीचाच टचस्क्रीनवाला. टाळ ऐकू आले, पेटी आली, बुवा आले, मृदंगाची उजवी बाजू टणटण आली, पण डावीकडची धूम कुठंच नाही. बाबा दारव्ह्यापर्यंत गप्प बसले अन् मग म्हणाले, "मी काय डब्ब्यावर वाजवून राहिलो काय?"

ते लागलं मनाला.

मग शोधाशोध केली तर कळलं, चूक रेकॉर्डिंगची नव्हतीच. दारातला स्पीकर असतो लहान, तो पातळ पत्र्यावर बसवलेला, अन् खालचा आवाज काढायला हवा ढकलावी लागते, तेवढी त्याची छाती नाही. टेपवर ५० वॉट गुणिले ४ लिहिलेलं असते त्यावर तर जाऊच नका. गाडी चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास मिळतात, स्पीकर ४ ओहमचा, टेपच्या आत व्होल्टेज वाढवायची काही सोय नसते, मग हिशोब केला तर अगदी कागदावर सुद्धा २५ वॉट बसतात, अन् स्वच्छ आवाजाचे १५-१८ निघाले तरी खूप. दुकानदार इक्वलायझरमधे बेस वाढव म्हणतात, वाढवला की दार थरथरते पण धूम काही येत नाही.

टेप बदलायचा नव्हता कारण स्टिअरिंगवरची बटणं अन् रिव्हर्सचा कॅमेरा त्यालाच जोडलेला. डिक्कीत मोठा डबा नको, आमची डिक्की म्हणजे खताचं पोतं, फवारणीचा पंप अन् कधी संत्र्याचं कॅरेट. म्हणून सीटखाली बसणारा चपटा बफर घेतला, ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर त्याच्या पोटातच, ८ इंची, १२० वॉट आरएमएस, म्हणजे सतत देऊ शकेल एवढी ताकद. खोक्यावर याच्या कितीतरी पट मोठा आकडा मॅक्स म्हणून छापलेला होता, तो सोडून द्यायचा, आरएमएसच बघायचा. अन् घ्यायच्या आधी सीट पुढेमागे पूर्ण सरकवून खालची उंची मोजपट्टीने मोजा, मी दोनदा मोजली तरी एका बाजूला वायरिंगचा गठ्ठा अडलाच. सीटखाली ठेवला तर आवाज एका बाजूनेच येईल अशी भीती वाटत होती पण तसं होत नाही, इतका खालचा आवाज कुठून येतो हे कानाला सांगताच येत नाही.

आता कंपनीच्या टेपला मागे आरसीएचं आऊटपुट, म्हणजे ॲम्पला सिग्नल द्यायचं भोक, सहसा नसते, त्यामुळे सिग्नल आणायचा कुठून हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. ज्या बफरला हाय लेव्हल इनपुट, म्हणजे स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घ्यायची सोय, आहे त्याला मागच्या दाराच्या स्पीकरच्या वायरी समांतर जोडायच्या, झालं. नसेल तर मधे लाईन आऊटपुट कन्व्हर्टर नावाची डबी लागते. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर सोलू नका, कपलरवाला हार्नेस, म्हणजे तयार वायरींचा जोड, मिळतो तो मधे घाला. माझी वॉरंटी कधीच संपली होती तरी मी हार्नेसच घेतला, उद्या गाडी विकायची झाली तर.

कोणती वायर प्लस कोणती मायनस हे ओळखायची जुनी युक्ती आमच्या वायरिंगवाल्या दोस्ताने दाखवली, तो ट्रॅक्टरची वायरिंग करतो. टेपचा कपलर काढून ठेवायचा, रिमोटमधला पेन्सिल सेल घ्यायचा अन् स्पीकरच्या दोन वायरींना नुसता टेकवायचा. खट्ट वाजते, अन् पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस जिकडे टेकवला तीच प्लस. मीटर नाही काही नाही, दोन रुपयाचं काम.

करंटच्या वायरीत मात्र कंजूषी करू नये. किटमधे आलेली वायर जाडजूड होती, ब्लेडने खरवडली तर आत पांढरी, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती फेकली. आपण मोटारपंपाची केबल स्क्वेअर एमएममधे मागतो तसंच इथे, ८ गेज म्हणजे साधारण साडेआठ स्क्वेअर एमएम, शुद्ध तांब्याची. ही थेट बॅटरीवरून, बॉनेटमधून रबरी बुचातून आत, अन् बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. १२० वॉटच्या ॲम्पला १२ अँपिअरच्या आसपास लागतात, मी २० चा फ्यूज टाकला. हा फ्यूज बफर वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. अन् आमच्याकडे तर तो लागतोच कारण गाडी उभी राहते ती कोठ्याजवळ, शेजारी सोयाबीनची पोती अन् दिवाळीनंतर वेचलेला कापूस, म्हणजे उंदीर आलेच. उंदराने वायर कुरतडली अन् ती पत्र्याला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, अन् शेजारी कापूस! वायर पूर्ण फ्लेक्सिबल पाईपमधून नेली ती पण त्याच भीतीने.

एवढी सगळी अक्कल पाजळून मी स्वतः दोन घोळ केले ते सांगतो. पहिला, घाईत रिमोटची बारीक वायर, जिच्यावर ॲम्प चालू-बंद होतो ती, चाबीवरच्या करंटला न जोडता सरळ मेन करंटलाच जोडली. म्हणजे ॲम्प दिवसरात्र जागा. तिसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळला जायचं होतं, स्टार्टर नुसता टिकटिक, गल्लीतले चार पोट्टे धक्का मारायला अन् बाबा ओट्यावरून, "निघाली का रे वरात?"

दुसरा, अर्थिंग. सीटच्या बोल्टला रिंग कसली अन् खुश. एक्सलेटर दाबला की भजनामागे कुईंऽऽ, जसा वेग वाढेल तसा सूर चढतो, जणू कोणी डास पेटीवर बसवलाय. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज तो. बोल्टखाली कंपनीचा रंग होता, अर्थ नीट लागतच नव्हता. सॅन्डपेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, अर्थची वायर हातभरच ठेवली, वरून ग्रीस लावलं गंज चढू नये म्हणून. कुईं बंद.

मग सेटिंग. लो पास ८० हर्ट्झवर ठेवला, म्हणजे त्याच्या खालचंच बफर वाजवेल, नाहीतर बुवा सीटखालून गाताहेत असं वाटते. गेन, म्हणजे बफरचा जोर किती ठेवायचा ते, मात्र मला जमेना. एकदा नुसता धबधब, कमी केला तर पुन्हा डबा. शेवटी बाबांना शेजारी बसवलं अन् म्हटलं तुम्हीच सांगा. मृदंगाच्या धूमेवर ओली कणीक लावतात माहिती आहे ना, कणीक वाढवली की आवाज खाली उतरतो, वाळली की वर चढतो, त्या हिशोबानेच त्यांनी सांगायला सुरुवात केली. "कनिक जास्त झाली. काढ. अजून काढ. हां, आता वाळली." अर्धा तास हेच. मधे मी फेजचं बटण ० वरून १८० वर केलं तर एकदम धूम भरून आली, दारातले स्पीकर अन् बफर आतापर्यंत एकमेकांचीच हवा खात होते. बाबांना फेज काय ते माहीत नाही, ते फक्त म्हणाले, "आता लावली कोनं तरी बराबर."

नंबर प्लेट खडखडत होती, तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवली. खर्च वायर, फ्यूज, हार्नेस धरून दहा हजाराच्या आत बसला.

गेनच्या खुंटीवर मी बायकोच्या नेलपॉलिशने खूण करून ठेवली होती, पुतण्याला बजावलं होतं हात लावू नको म्हणून. पोळ्याच्या दिवशी त्याने गाडी नेली, आणून जागेवर लावली, खूण पण बरोबर जुळवून ठेवली. दुसऱ्या दिवशी बाबा बसले, पहिला अभंग अर्धाही झाला नव्हता.

"कोनं हात लावला रे? कनिक वाढली."

खूण जरा सरकलेलीच होती, केसभर.