नळीतल्या बुडबुड्यांचे कडे

इंदूर, गुरुवार, रात्री साडेदहा

सायंकाळी भाचीचा सुदामा नगरातून फोन आला. तिला ३३वा आठवडा सुरू आहे, रक्तदाब चढलेला आहे, आणि बाळंतपण लवकर करावे लागण्याची शक्यता सांगून डॉक्टरांनी सात वाजता डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचे, म्हणजे बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला देतात त्या औषधाचे, पहिले इंजेक्शन दिले आहे. “मावशी, गर्भजल काढून बाळाची फुप्फुसे तयार आहेत का ते तुम्ही पाहायचात ना? मग माझे का नाही पाहिले?”

प्रश्न रास्त होता. प्रयोगशाळेत असताना ‘शेक टेस्ट’ मी कितीदा केली असेल, याची गणती नाही. सलाइनने वेगवेगळ्या प्रमाणात पातळ केलेल्या गर्भजलात ९५ टक्के अल्कोहोल घालायचे, नळी १५ सेकंद जोराने हलवायची आणि १५ मिनिटे तिला हातही लावायचा नाही. अल्कोहोलमुळे इतर द्रव्यांचा फेस विरतो. टिकतो तो सर्फॅक्टंटचा, म्हणजे फुप्फुसातले वायुकोश श्वास सोडताना मिटू न देणाऱ्या द्रव्याचा. नळीच्या कडेने बुडबुड्यांचे अखंड कडे उरले, की आम्ही सुटकेचा निःश्वास टाकायचो. नळीला साबणाचा अंश राहिला तर तोही फेस धरतो, म्हणून नळ्या मी स्वतःच विसळत असे. या बाबतीत माझा कोणावरही विश्वास नव्हता.

ही चाचणी १९७२ची. त्याच्या आदल्याच वर्षी ग्लुक या डॉक्टरांनी गर्भजलातल्या लेसिथिन व स्फिंगोमायलिन या दोन स्निग्ध द्रव्यांचे गुणोत्तर मांडले होते. ते दोन किंवा अधिक आले तर फुप्फुसे पक्व मानत. मात्र नमुन्यात रक्त किंवा बाळाची शी मिसळली, की तो आकडा भरवशाचा राहत नसे. शिवाय ‘पक्व’ हे उत्तर बहुधा खरे ठरे, ‘अपक्व’ मात्र पुष्कळदा खोटे. अहवालात ‘अपक्व’ असे आलेली कित्येक बाळे जन्मताच खणखणीत रडत.

भाचीला एवढे सगळे सांगितले नाही. प्रसूती आईच्या प्रकृतीसाठी करावीच लागणार असेल, तर नळीतले उत्तर काहीही आले तरी निर्णय बदलत नाही, मग पोटात सुई कशाला घालायची, एवढेच म्हणाले. पक्व फुप्फुसे म्हणजे पक्व बाळ नव्हे, हेही पुढे कळलेच: दूध ओढणे, अंगाची ऊब, रक्तातली साखर यांविषयी नळी काही बोलत नाही. लिगिन्स आणि हाउवी या न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी १९७२मध्येच दाखवलेला स्टिरॉइडचा मार्ग फुप्फुसांची केवळ परीक्षा घेत नाही, त्यांना तयार करतो.

बारा-बारा तासांनी एकूण चार इंजेक्शने. दुसरे उद्या सकाळी सातला आहे. साडेसहाला निघायला हवे.