साडेसहा फूट

"त्स्वाय मेटर!" म्हणजे "दोन मीटर!" असं म्हणत त्या आजोबांनी दोन्ही हात आडवे पसरले आणि मी सायकलवरून उतरले.

गेल्या शनिवारची गोष्ट. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या कर्नेनच्या डोंगरावर बीचच्या झाडांखालून जाणारी अरुंद पायवाट. मी अजिबात जोरात नव्हते. समोरून जोडपं येताना दिसलं तेव्हाच घंटी वाजवून वेग कमी केला होता, एक पाय खाली टेकवून बाजूला झाले होते, "ग्र्यूस गॉट" म्हटलं होतं. आजींनी हसून उत्तरही दिलं. आजोबा मात्र वाटेच्या मधोमध थांबले. आवाज न चढवता, लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं की ही वाट दोन मीटरपेक्षा कमी रुंद आहे, इथे सायकल चालवायला बंदी आहे, तसा कायदा आहे. मी "माफ करा" म्हटलं आणि सायकल हातात धरून चालायला लागले. ते दोघं वळणाआड दिसेनासे झाले तरी मी सायकलवर बसले नाही. जंगल संपेपर्यंत चालतच गेले. कान गरम झाले होते.

घरी आल्यावर पहिल्यांदा कायदा शोधला. आहे खरा. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याचा वनकायदा, कलम ३७. दोन मीटरपेक्षा कमी रुंदीच्या जंगलवाटांवर सायकल चालवता येत नाही, वनखात्याने एखादी वाट मुद्दाम मोकळी करून दिली असेल तेवढाच अपवाद. १९९५ पासून हा नियम आहे. मी इथे सहा वर्षं राहते, त्यातली तीन वर्षं दर शनिवारी या डोंगरांत सायकल घेऊन जाते आणि मला हे माहीत नव्हतं, याचा राग आधी स्वतःवर आला. मग तो कायद्याकडे वळला आणि अजून तिथेच आहे.

कारण मला हे पटतच नाही. चालणाऱ्याला धोका कशाचा असतो? वेगाचा, आंधळ्या वळणाचा, न सांगता मागून येणाऱ्याचा. रुंदीचा नसतो. सहा मीटरच्या खडीच्या रस्त्यावर पोरं ताशी चाळीसने उतारावरून येतात, तिथे कायदा गप्प. मी चालण्याच्या वेगाने दीड मीटरच्या वाटेवरून गेले तर मी गुन्हेगार. शेजारच्या बव्हेरियात रुंदीची अशी अट नाही, तिथे निसर्गात मोकळं फिरण्याचा हक्क थेट राज्यघटनेत लिहिलेला आहे, आणि तिथली जंगलं काही ओस पडलेली नाहीत. बरं, दोन मीटर मोजायचे कुठून? कडेचं गवत धरून की सोडून? मधे मूळ वर आलं असेल तर? पानगळीत वाटेची कड दिसते तरी का? दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन पुन्हा तिथे गेले. खरंच गेले. एका ठिकाणी एक मीटर साठ, पुढे एक मीटर पंच्याहत्तर, आणि जिथे आजोबा उभे होते तिथे गवतासकट एक मीटर नव्वद. दहा सेंटीमीटर. माझ्या हँडलची रुंदी आहे चव्वेचाळीस सेंटीमीटर.

याच राज्यातल्या मानहाइममध्ये १८१७ साली कार्ल ड्राइसने दुचाकी यंत्र पहिल्यांदा रस्त्यावर आणलं. नेकार नदी ऱ्हाइनला मिळते ते हेच गाव. सायकल जन्माला घातलेल्या भूमीने सायकलला असं मापात धरावं याचं मला वाईट वाटतं. आणि एकट्या मलाच वाटतं असंही नाही. २०१३ मध्ये इथल्या सायकलवाल्यांनी ५० हजारांवर सह्या गोळा करून हा नियम काढून टाकायची मागणी केली होती. नियम जिथल्या तिथे आहे.

आता वाट कुठली ते सांगते, म्हणजे एवढा जीव का तुटतो ते कळेल. नेकारकाठच्या कानश्टाटहून निघायचं, उंटरट्युर्कहाइमला नदी सोडायची आणि द्राक्षबागांमधून वर रोटेनबर्गला चढायचं. माथ्यावर ४११ मीटरवर व्युर्टेंबर्गच्या राजा विल्हेल्मने राणी काटारीनासाठी बांधलेलं समाधीमंदिर आहे, १८२० ते १८२४ मधलं. आपल्या घराण्याचा जुना किल्ला पाडून त्याने ते त्या जागी उभारलं. दारावर लिहिलंय, प्रेम कधी संपत नाही. तिथून जंगलात शिरून कर्नेनच्या ५१३ मीटरच्या माथ्यावर, मग खाली श्टेटनला रेम्स नदीच्या खोऱ्यात उतार. रेम्सच्या काठाने रेमझेकपर्यंत, जिथे ती नेकारला मिळते, आणि नेकारकाठाने परत घरी. साधारण ५० किलोमीटर. एका सकाळी दोन नद्या, दोन्हीकडच्या द्राक्षबागा आणि मधे जंगल.

यासाठीच मी ग्रॅव्हल बाइक घेतली. खडी-मातीवर चालणारी, ४० मिलिमीटर जाड टायरची, वाकड्या हँडलची सायकल. घरी फोटो पाठवला तेव्हा भावाने विचारलं होतं की खडीवर चालवायला मुद्दाम वेगळी सायकल कशाला, आपली अख्खी हयात खडीवरच गेली. त्याला म्हटलं, इथली खडी दाबून बसवलेली असते, पावसाळ्यानंतरही जागेवर राहते, तिच्यावरून जाताना टायरखाली एकसारखा चुरचुर आवाज येतो. आणि आपल्याकडेही सायकलवाले कमी नाहीत. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेची आडवी शर्यत दोघांत मिळून पुरी केली, जवळजवळ ४,८०० किलोमीटर. नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी जाते. हे मी ऑफिसात जमेल तेव्हा सांगते, कारण इथे लोकांना वाटतं की सायकल ही गोष्ट मी त्यांच्याकडून शिकले. मी सातवीपासून अकरा किलोमीटर सायकल हाणत शाळेत गेलेली आहे, परतताना कॅरिअरवर सरकी पेंडीचं पोतं घेऊन.

तर त्या शनिवारी, डोक्यात आजोबा घोळत असताना, श्टेटनच्या उतारावर माझं टायर फाटलं. साधं पंक्चर नाही. धारदार दगडाने बाजूला बोटाच्या पेराएवढी चीर पडली. टायर बिनट्यूबचं, त्यामुळे आतलं भोकं बुजवणारं पांढरं सीलंट फवाऱ्यासारखं पायावर उडालं, भोकात कोंबायचा प्लग घातला तो बसेना. माझ्याकडे ट्यूब होती, पण चिरेतून ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली असती.

शेजारच्या बागेत काढणी चालली होती. इथे ऑक्टोबरात लेंबर्गर जातीचे काळे घड उतरतात. आठ-दहा माणसं, सगळी एका घरातली वाटावीत अशी, हातात कात्री आणि बादली. एक सत्तरीतले काका पाठीवर उंच पिंप बांधून ओळीतून खाली येत होते. त्यांनी सायकलकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं, पिंप ट्रॉलीत रिकामं केलं आणि काही न विचारता ट्रॅक्टरच्या पेटीतून एक जुना रबरी पट्टा काढला. खिशातल्या वाकड्या चाकूने दोन बोटं रुंद तुकडा कापला, कडा तासून पातळ केल्या आणि टायरच्या आतून चिरेवर बसवला. मी बघतच राहिले. हे तर गेटर! गावातल्या सायकलवाल्याने शंभरदा टाकलेलं. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे याला गेटर म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

मग मला सोडेनात. बांधावर, म्हणजे तिथल्या दगडी भिंतीवर बसवलं. सिमेंट न घालता नुसते दगडावर दगड रचलेल्या या भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्री वेलींना परत देतात. हात ठेवला तर भाकरीच्या तव्यासारखी कोमट. काकूंनी कांद्याची गरम वडी दिली. त्सविबेलकूखेन म्हणतात, पावाच्या पिठावर भरपूर कांदा नि मलई घालून भाजलेली. नव्या वाइनबरोबर खायची रीत आहे, पण मला अजून तीस किलोमीटर जायचं होतं म्हणून मी द्राक्षाचा ताजा रस घेतला. कांदा गोड होता. आपल्या लासलगावच्या लाल कांद्याचा झणका त्याला नाही, हे मी मनात म्हटलं.

मी द्राक्षवाल्याची मुलगी आहे कळल्यावर काकांनी सगळं विचारून घेतलं. मांडव किती उंच, पाणी कुठून, घडाला पातळ कागद का गुंडाळता. आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी, हे त्यांना खरंच वाटेना. त्यांची एकच, थंडीत, वेल झोपलेली असताना. आमचा वेल झोपत नाही, त्याला छाटून उठवावं लागतं, असं मी सांगितलं तेव्हा ते हातातला चाकू मिटायचा विसरले. त्याच दिवशी गावी माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, बागेत छाटणीची माणसं लागलेली होती.

निघताना मी आजोबांची गोष्ट सांगितली. मला वाटलं, काका माझ्या बाजूने बोलतील. ते म्हणाले, कायदा आहे तर आहे. मग बागांमधल्या रुंद रस्त्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा रस्ता माझ्या लहानपणी नव्हता. वडिलांची जमीन चौदा तुकड्यांत होती. इथेही बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची रीत, पिढ्यांमागून पिढ्या तुकडे होत गेलेले. पुढे सरकारने तुकडे एकत्र केले, जमिनी नव्याने आखल्या आणि प्रत्येक बागेला रस्ता दिला. त्यात प्रत्येकाची थोडी जमीन गेली. भांडणं झाली, काहींनी एकमेकांशी बोलणं टाकलं. "आणि आज त्यावरून तू सायकल चालवतेस."

रेम्सच्या काठाने परत येताना मी सायकलचा विचार केलाच नाही. आपल्याकडेही १९४७ चा तुकडेबंदी आणि तुकडेजोडचा कायदा आहे, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले ते त्यातूनच. गट झाले. आमच्या वस्तीचा रस्ता मात्र नकाशावर राहिला आणि जमिनीवर दर नांगरटीला थोडा थोडा कमी होत गेला. शेजाऱ्याने बांध कोरला. अण्णांनी रस्त्यासाठी जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली अर्ज केला, मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याखाली केला. मोजणी झाली, तारखा झाल्या, आठ वर्षं गेली. ज्या वर्षी माल परदेशी जाणार होता त्या वर्षी गाडी बागेपर्यंत येईना, तेव्हा आम्ही सगळ्यांनी क्रेट डोक्यावर घेऊन चारशे फूट बाहेर काढले. मी बारावीत होते.

म्हणून कुणी मला इथे रुंदीचा कायदा सांगतो तेव्हा मला जास्त लागतं, हे आता कळतंय. आणि तरीही मला तो चुकीचाच वाटतो. मी त्या पायवाटेवर कुणाची कड कोरली नाही, दगड हलवला नाही, चालणाऱ्याला आधी जाऊ दिलं. यापुढे मी तिथे सायकल चालवणार नाही, मोठ्या रस्त्याने वळसा घालीन, पण चूक माझी होती असं मात्र म्हणणार नाही.

रात्री अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. टायर, गेटर, एकच छाटणी. त्यांना छाटणीचंच जास्त, एका वेलीवर डोळे किती ठेवतात ते विचारून घे म्हणाले. मग मी दोन मीटरचं सांगितलं.

"दोन मीटर म्हणजे किती गं?"

"साडेसहा फूट, अण्णा."

"आणि त्याच्याहून कमी असला तर सायकलसुद्धा नाही?"

"नाही."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मागे पंपाचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मेसेज आला, सोबत फोटो: बांधावर आडवी धरलेली पिवळी टेप, एका टोकाला त्यांचा अंगठा, दुसऱ्या टोकाला शेजाऱ्याच्या तारेचा खांब. खाली लिहिलं होतं, "आपला पाच फूट दोन इंच भरतोय."