तुम्ही विचारलंत म्हणून: लॅक्स्टनला काय बघायचं?

इंग्लंडात नॉटिंगहॅमला आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना मी लॅक्स्टन या जवळच्या शेतकरी गावी नेते. सगळ्यांचा एकच प्रश्न: रॉबिन हूडचं जंगल इतकं जवळ असताना या चिखलात काय बघायचं? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

बघायचं ते शिवार. पट्ट्यांमध्ये ना कुंपण, ना बांध. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साऊथ फील्ड ही तीन मोठी मोकळी रानं, आणि त्यांत एकेका शेतकऱ्याचे पट्टे विखुरलेले. एका रानात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक नाहीतर वैरणीला. दरवर्षी पाळी बदलते. एकेकाळी इंग्लंडच्या बऱ्याच भागात अशीच शेती होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनी ती कुंपणाआड गेली. लॅक्स्टनमध्ये मात्र ती टिकली, कारण दोन जमीनदारांचं जमेना, असं सांगतात. (भांडणातून काही टिकल्याचं हे विरळाच उदाहरण.) मार्क पियर्सने 1635 साली काढलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्टान् पट्टा दाखवलाय, शिवाय शेतात राबणारी चिमुकली माणसंही.

शेतकरी मात्र कुळंच. जमीनदार अर्ल मॅन्व्हर्सकडून 1952 साली गाव सरकारकडे गेलं, पुढे राजगादीच्या जमिनी सांभाळणाऱ्या क्राऊन इस्टेटकडे, आणि 2020 मध्ये परत मॅन्व्हर्सांच्याच थोर्सबी इस्टेटीकडे. तेव्हा रामराज्य वगैरे समजू नका.

खरी मजा नोव्हेंबरअखेर. गावातल्याच शेतकऱ्यांची ज्युरी गव्हाच्या रानात फिरते. कोणी नांगर रस्त्यात किंवा सामाईक गवतात घातलाय का ते बघते, हद्दीला खुंट्या ठोकते, आणि मग डव्हकोट इन या पबात जेवायला बसते. आठवड्याने कोर्ट लीट, म्हणजे जमीनदारीच्या काळापासूनचं गावचं न्यायालय, भरतं आणि दंड होतात. 1977 च्या कायद्याने देशातल्या इतर कोर्ट लीटांचे अधिकार काढून घेतले, लॅक्स्टनचे ठेवले.

माझ्या सासऱ्यांचा बांध कोरल्याचा दावा सांगलीकडे वर्षानुवर्षं चालू आहे. त्या खुंट्या बघून त्यांनी विचारलं, "मोजणीवाला कुठाय?" दंड जेमतेम काही पौंडांचा, हे कळल्यावर तर ते हसलेच. एवढ्यात कसं भागतं?

भागतं, कारण हद्द बघायला शेजारीच आलेले असतात, दंडही तेच ठरवतात, आणि त्यांच्याबरोबरच पुन्हा त्याच पबात बसायचं असतं.