लेकीचा बाप्तिस्मा

ठाणे, रविवार, रात्र.

लेकीचा बाप्तिस्मा करायचा, हे आज नक्की झाले. आमच्या लग्नाच्या वेळी मी हिंदू असल्यामुळे चर्चची खास परवानगी घ्यावी लागली होती आणि तेव्हा बायकोने असे वचन दिले होते की, मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती कॅथलिक श्रद्धेत वाढावीत यासाठी ती आपल्याकडून होईल ते सर्व करील. वचन तिचे होते. मला त्याची फक्त कल्पना देण्यात आली होती. चर्चच्या कायद्यानुसार आईवडिलांपैकी एकाची संमती पुरते. आमच्या घराच्या कायद्यानुसार ती पुरत नाही.

थांबावे, असे माझे म्हणणे होते. मूल सात वर्षांचे झाले की ते समजते मानले जाते आणि मग बाप्तिस्म्याची इच्छा त्याची स्वतःची असावी लागते, हे कळल्यावर तर मला ती तोडच वाटली. बायकोने शांतपणे विचारले की, तोवर घरी गणपती येणार, आजी शुभंकरोती म्हणवून घेणार, मग ती सात वर्षे कोणाच्या बाजूने मोजायची? याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. थांबण्याला मी तटस्थपणा म्हणत होतो, पण त्याचा सगळा लाभ माझ्याच पदरात पडत होता.

आईची शंका निराळी होती. बारशाला आत्याने कानात सांगितलेले नाव आता बदलणार का? बदलणार नाही, ख्रिस्ती भावनेला विसंगत नसलेले कोणतेही नाव चालते. हे सगळे पोर्तुगीजांनी आणलेले, असेही ती म्हणाली, तेव्हा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे-वसईकडच्या मूळच्या कॅथलिक समाजातल्या, माझ्या सासऱ्यांनी तिला अगदी आदराने सांगितले की, याच ठाण्यात १३२१ साली फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार संन्यासी मारले गेले, तेव्हा पोर्तुगीज यायचे होते. सासऱ्यांना असे प्रसंग फार आवडतात.

फादरांनी माझ्या श्रद्धेची चौकशी केली नाही. रविवारच्या धर्मशिक्षणाला मुलीला कोण आणणार, एवढेच विचारले. ‘मी आणीन,’ असे मी म्हणालो, कारण बायकोच्या नोकरीत रविवारची सुट्टी धरून चालत नाही. विधीत श्रद्धेची कबुली मागतात तेव्हा मी गप्प राहणार आहे. न मानलेले मानतो म्हणण्यापेक्षा ते बरे, हे फादरांनाही पटले. मेहुणा गॉडफादर होईल. बायकोची मैत्रीण प्रोटेस्टंट आहे, त्यामुळे तिला गॉडमदर होता येणार नाही, पण त्याच्यासोबत साक्षीदार म्हणून उभे राहता येईल.

चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी पुढे तिच्या दृढीकरणाची, म्हणजे श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची, आणि लग्नाचीही नोंद होते, असे कळल्यावर आईने फक्त भुवया उंचावल्या. मिळालेला रविवार मात्र श्रावणातला निघाला आहे, त्यामुळे जेवणात मटण असावे की नाही यावर दोन्ही घरांची बोलणी अजून चालू आहेत.