बाबांचा लॅपटॉप, मिंट आणि साडेपाच तास मागे पडलेलं घड्याळ

आमच्या बाबांचा लॅपटॉप २०१५ सालचा. पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची जुनी फिरणारी हार्ड डिस्क. चालू करायचा, आंघोळीला जायचं, आल्यावर पासवर्ड टाकायचा, मग देवपूजा आणि मग वर्ड उघडायचं असा त्यांचा रोजचा क्रम, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती. तक्रार सुरू झाली ती स्क्रीनभर सूचना यायला लागल्यावर, की १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० चा सपोर्ट बंद. बाबांना वाटलं लॅपटॉपच बंद पडणार. कराडहून मला पुण्याला फोन, "अरे १४ तारखेनंतर हे चालणार नाही म्हणतंय, भजनी मंडळाचं सगळं यातच आहे."

त्यांना सांगितलं की बंद काही पडणार नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतील. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, म्हणजे आमचं गाडं तिथेच अडलं. एक वर्ष वाढवून मिळत होतं मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनी साइन-इन केलं तर, पण ते म्हणजे आजचं मरण उद्यावर. दुकानदार म्हणाला नवीनच घ्या, ३५-४० हजारात चांगला येईल. आता लॅपटॉप तर धडधाकट, कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसली गेलीत एवढंच, आणि त्याचा बाबांना काही फरक पडत नाही कारण ते जिल्हा परिषदेत क्लार्क होते, मराठी टायपिंगची परीक्षा टाइपरायटरवर दिलेली, कीबोर्डकडे बघतच नाहीत.

मग ठरवलं लिनक्स टाकायचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम. मी काही आयटीतला नाही हां, बीकॉम झालेला माणूस. माझा लिनक्सशी संबंध एवढाच की २००८ ला कॉलेजात असताना उबुंटूची (लिनक्सचाच एक प्रकार) सीडी फुकट पोस्टानी घरी मागवली होती, तेव्हा ते खरंच पाठवायचे. ८.०४, हार्डी हेरॉन. कॉम्पिझ नावाचं सॉफ्टवेअर लावून डेस्कटॉपचा चौकोनी ठोकळा गरागरा फिरवायचा आणि मित्रांना दाखवायचं, त्यापलीकडे मी त्याचं काही केलं नाही.

तर यावेळी लिनक्सच्या ढीगभर प्रकारांतून, म्हणजे डिस्ट्रोंतून, नीट अभ्यास करून एक निवडायचं ठरवलं आणि तिथेच फसलो. आठवडाभर रात्री जेवण झालं की हेच. आतला कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सगळ्यांचा तोच, लिनस टोरवाल्ड्सनी १९९१ मधे सुरू केलेला, पण वरचा संसार ज्याचा त्याचा वेगळा. फेडोराचं नवं व्हर्जन दर सहा महिन्यांनी आणि प्रत्येकाचा सपोर्ट साधारण तेरा महिने, म्हणजे दरवर्षी मी कराडला जाऊन अपग्रेड करत बसायचं, नको. डेबियन १३ नुकतंच ऑगस्टमधे आलेलं, दणकट, पण मला स्वतःला त्यात बरंच जुळवाजुळव करावं लागलं असतं. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स पण बघितलं, आपल्या देशातलं, भारतीय भाषांचा विचार केलेलं, मनात होतं खरं, पण अडलो तर उत्तर शोधायला माणसं जास्त कुठे आहेत हा विचार केला. झोरिनवाल्यांनी तर आपलं १८ नंबरचं व्हर्जन नेमकं १४ ऑक्टोबरलाच काढलं, वेळ साधावी ती अशी. उबुंटूत डावीकडे उभी पट्टी असते, आणि बाबांना मेनूचं बटण खाली डाव्या कोपऱ्यातच हवं, ते तिथून हललं तर घरात शांतता राहणार नाही.

शेवटी कंटाळून बाबांनाच फोन केला, म्हटलं तुम्ही आठवड्यात लॅपटॉपवर नक्की काय काय करता ते सांगा. मंडळाच्या नोटिसा, यात्रेची पत्रिका, अभंगांचा संग्रह टाइप करणं, प्रिंट काढणं, यूट्यूबवर कीर्तन, बँकेचं स्टेटमेंट. संपलं. ही यादी आधी केली असती तर माझ्या सात रात्री वाचल्या असत्या. लिनक्स मिंट घेतलं, २२.२, एक्सएफसीई डेस्कटॉपवालं, हलकं म्हणून. उबुंटू २४.०४ वर बेतलेलं आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट आहेत. त्यांच्या प्रत्येक व्हर्जनला बाईचं नाव असतं, या वेळचं झारा. आई म्हणाली, कोण झारा?

दिवाळीला गेलो तेव्हा सामान घेऊनच गेलो. २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क), ४ जीबी रॅमची एक जादा पट्टी आणि एक कॅडी. कॅडी म्हणजे लॅपटॉपची डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी जुनी हार्ड डिस्क बसवायचा सांगाडा. म्हणजे नवीन एसएसडीवर मिंट आणि जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट तशीच शाबूत. ही जुळणी मला नवीन डिस्ट्रो निवडण्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडली. इन्स्टॉल करताना जुनी डिस्क बाहेर टेबलावर काढून ठेवली होती, त्यामुळे "इरेज डिस्क" वर क्लिक करताना हात थरथरला नाही, पुसायला आत काही होतंच कुठे.

मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची अख्खी प्रत) पुण्यातच उतरवून, ती नीट उतरली का ते चेकसम जुळवून बघून, रुफस या सॉफ्टवेअरनी पेनड्राइव्ह करून नेला होता. एफ-१२ दाबून पेनड्राइव्हवरून चालू केला, इन्स्टॉल न करता आधी तसंच बघता येतं ते बघितलं. आवाज येतोय, कॅमेरा चालतोय, ब्राइटनेसची बटणं चालतायत, वायफाय नाही. म्हणजे चिन्हच नाही. चिप अशी निघाली की तिचा ड्रायव्हर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) आपोआप येत नाही, नेटवरून घ्यावा लागतो, आणि नेट तर वायफायवरच. मिंट इन्स्टॉल केल्यावर मोबाइल यूएसबी केबलनी जोडून त्याचं नेट लॅपटॉपला दिलं आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडलं तर तिथे तो बिचारा एका क्लिकवर हजर होता.

पण सिक्युअर बूट (मान्यता नसलेलं सॉफ्टवेअर चालू होऊ न देणारं कुलूप) चालू होतं. त्यामुळे ड्रायव्हर टाकताना मिंटने एक पासवर्ड ठरवायला सांगितला आणि म्हणाला रीस्टार्ट करा. रीस्टार्ट झालं की एक निळी स्क्रीन येते, एमओके मॅनेजमेंट, तिथे कुठलंही बटण दाबून तोच पासवर्ड परत टाकायचा असतो तर तो ड्रायव्हर मान्य होतो. ती स्क्रीन थांबते दहा सेकंद. आईनी चकल्या झाल्यात म्हणून हाक मारली, मी गेलो, आलो तर लॅपटॉप चालू होऊन बसलेला, वायफाय नाहीच. तासभर मी ड्रायव्हर काढतोय, टाकतोय, शिव्या देतोय. मग कळलं की ती निळी स्क्रीन चुकली ती चुकली, सगळं परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदा लॅपटॉपसमोर बसूनच राहिलो, वायफाय लागलं.

वेग काय विचारू नका. पासवर्डपर्यंत वीसेक सेकंद. बाबा आंघोळीला निघाले होते ते दारातूनच परत आले.

पुढचा मुद्दा मात्र माझ्या कुठल्याच अभ्यासात नव्हता. बाबांच्या पंधरा वर्षांच्या सगळ्या फाइली कृतिदेवमधे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) न वापरणारा जुना फॉन्ट, कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजीच अक्षरं असतात, फक्त त्यांचं चित्र मराठी. फॉन्ट नसेल तर "मराठी" या शब्दाच्या जागी ई-जे-के-बी-एच असं दिसतं. लिबरऑफिसमधे (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) पहिली फाइल उघडली आणि अख्खा हरिपाठ इंग्रजी अक्षरांचा कचरा. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला फक्त. मी घाईघाईनी जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून कृतिदेव उचलला, होममधे डॉट-फॉन्ट्स नावाचं फोल्डर करून त्यात टाकला (नावाआधी टिंब असलं की फोल्डर लपतं, कंट्रोल-एच दाबलं की दिसतं), लिबरऑफिस बंद करून उघडलं, आणि हरिपाठ परत मराठीत. "देवाचिये द्वारी" दिसल्यावर मला पण बरं वाटलं.

मग बाबा नोटीस टाइप करायला बसले. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की". पहिला स अर्धा. खोडून परत टाइप केला, परत अर्धा. पुढचा परिच्छेद क नी सुरू, तो क पण अर्धा. बाबा म्हणाले, "तुझ्या या मिंटला पूर्ण अक्षर जमत नाही का?" मला वाटलं फॉन्टच बिघडला. अर्ध्या तासानी डोक्यात प्रकाश पडला. कृतिदेवमधे छोटा एल म्हणजे पूर्ण स आणि कॅपिटल एल म्हणजे अर्धा स, छोटा डी म्हणजे क आणि कॅपिटल डी म्हणजे अर्धा क. आणि लिबरऑफिस इंग्रजी समजून प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर इमानदारीत कॅपिटल करत होतं! ऑटोकरेक्टमधली ती खूण काढली, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करायची खूण पण काढली, झालं. वर्डमधे हे बहुतेक मीच कधीतरी दहा वर्षांपूर्वी बंद करून दिलं असणार आणि विसरलो असणार.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी मात्र युनिकोड हवं. आतापर्यंत बाबा नोटीस टाइप करून स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढायचे आणि तो तिरका फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकायचे. आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करायची सोय) आणि त्याचं एम-सेव्हनटीन-एन टाकलं की मराठी कीबोर्डचे बरेच लेआउट मिळतात, इनस्क्रिप्ट, फोनेटिक, गमभन, टाइपरायटरसारखा रेमिंग्टन. मी शहाणपणा करून आधी इनस्क्रिप्ट दिला, सरकारमान्य म्हणून. बाबांनी "नितीन" टाइप करायला घेतलं आणि थांबले. पहिली वेलांटी आधी की नंतर? टाइपरायटरवर आधी वेलांटी मारायची मग अक्षर, इनस्क्रिप्टमधे आधी अक्षर मग वेलांटी. चाळीस वर्षांची बोटं, ती काय ऐकतात. रेमिंग्टन लावला, दोन-चार कळा इकडच्या तिकडे वाटल्या, त्या त्यांनी वहीत लिहून घेतल्या आणि पाडव्यापर्यंत हात बसला. मी हौसेनी सगळे मेनूपण मराठी करून दिले होते, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी परत इंग्रजी करायला लावले. फाइल कुठे गेली ते सापडेना म्हणे.

घड्याळाची गंमत राहिली. जुन्या डिस्कवरचं विंडोज चालतंय का बघायला एकदा त्यात गेलो, सकाळचे साडेदहा वाजलेले आणि हे पाच दाखवतंय. बाबा म्हणाले सेल गेला. सेल नाही, मिंट आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच आपली वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तास मागे. टर्मिनलमधे (हुकूम टाइप करायची खिडकी) एक ओळ टाकायची, टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १, की दोघांचं जमतं. मला मात्र फार मजा वाटली की भारताचे साडेपाच तास असे कराडच्या टेबलावर भेटले.

हरलो ते प्रिंटरपुढे. काळा-पांढरा छोटा लेझर, गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानात दिसतो तो, वय तपाच्या वर. त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर आहे म्हणायला, पण भाऊबीजेचा अख्खा दिवस मी त्यावर घालवला आणि मिळाली दीड पानं, त्यातलं अर्धं काळं. बहीण ओवाळायला थांबलेली, मी टर्मिनलमधे. तिने ताट ठेवून दिलं आणि म्हणाली तू उठ आधी.

मग ठरलं असं की छापायचं विंडोजमधून. नेट तोडून टाकलंय त्याचं, वायफायचा पासवर्डच काढून टाकला, आता ते विंडोज म्हणजे आमचा प्रिंटरचा ड्रायव्हर. मिंटमधे नोटीस तयार करायची, पीडीएफ जुन्या डिस्कवर ठेवायची, बंद करून एफ-१२ नी विंडोजमधे जायचं आणि छापायचं. तिथे फास्ट स्टार्टअप (लवकर चालू व्हायची विंडोजची सोय) आठवणीनी बंद केलं, नाहीतर विंडोज डिस्क अर्धवट धरून ठेवतं आणि मिंटला तिच्यावर लिहिता येत नाही.

परवा परत कराडला गेलो तर टेबलावर काचेखाली एक कागद. कृतिदेवमधे, दोन ओळींमधे दीड अंतर, वर मधोमध ठळक: "विषय : छपाईबाबतची कार्यपद्धती". खाली एक ते सात मुद्दे, तिसरा "एफ १२ ही कळ तात्काळ दाबावी, विलंब झाल्यास मुद्दा क्र. १ पासून पुनश्च सुरुवात करावी". आणि सगळ्यात शेवटी डाव्या कोपऱ्यात, प्रत माहितीसाठी : सौ.