पुढे मार की!

फुटबॉलच्या सामन्यात गोलकीपरने चेंडू पायाखाली धरला आणि मागच्या रांगेतले काका ओरडले, "अरे, पुढे मार की!" आख्खा स्टँड हसला. मग पासवर पास. डावीकडे, उजवीकडे, परत गोलकीपरकडेच.

डावपेच कळतो. २०१९ पासून गोलकिक, म्हणजे गोलजवळून खेळ पुन्हा सुरू करणारी किक, पेनल्टी बॉक्सच्या (गोलसमोरच्या आखलेल्या भागाच्या) आतच सहकाऱ्याला देता येते. प्रतिस्पर्ध्याला अंगावर येऊ द्यायचं आणि त्याच्या मागची मोकळी जागा गाठायची. टीव्हीवर, वरच्या कॅमेऱ्यातून, हे देखणं दिसतं. स्टँडमधून नुसतं ताटकळणं. (१९९२ आधी बॅकपास, म्हणजे सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू, गोलकीपर सरळ हातात घ्यायचा. ते याहून रटाळ, हेही खरं!)

तरी मी काकांच्या बाजूने. तिकीट काढून येणारा माणूस चेंडूच्या ताब्याची टक्केवारी बघायला येत नाही.

गोल सोडून, तुम्ही खुर्चीतून शेवटचे कधी उठलात?